आधी त्याची ताई राहा

तुझ्या पत्रात बारावी सायन्सचे 71 टक्के पहिल्याच ओळीत आहेत, पण मी थांबले ते शेवटच्या परिच्छेदापाशी. 9 वर्षांच्या ऑटिस्टिक भावाला तू रोज दीड तास चित्रांची कार्डं दाखवतेस. तो 80 वस्तूंची नावं सांगतो, पण ‘स्वतःहून काहीच बोलत नाही’. तू स्पीच थेरपिस्ट झालीस तर ‘घरातल्या घरात सोय होईल’ असं बाबा म्हणतात. आणि तू विचारतेस, ‘मी कमी पडतेय का?’

नाही गं. 17 वर्षांच्या मुलीला हा प्रश्न पडावा, याचंच मला फार वाईट वाटलं. हे बाबांनाही वाचायला दे: अहो, धाकट्याची सोय म्हणून थोरलीचं करिअर ठरवू नका. ती त्याची ताई आहे, तेवढं पुरे.

आता तुमच्या घरातला गैरसमज. कार्ड बघून ‘पाणी’ म्हणणं वेगळं आणि तहान लागल्यावर पाणी मागणं वेगळं. पहिलं आलं म्हणून दुसरं आपोआप येत नाही. तूच लिहिलंयस, रात्री तो माठापाशी उभा राहून ‘पाणी हवंय का?’ म्हणतो आणि आई त्याला ‘नीट बोल’ म्हणते. अगं, तो स्वतःहूनच बोलतोय! पाणी मिळण्याआधी त्याच्या कानावर हेच वाक्य पडतं, ते त्याने उचललंय. ऐकलेलं वाक्य असं जसंच्या तसं म्हणण्याला इकोलालिया म्हणतात. चूक काढू नका. त्याच्या बाजूने ‘पाणी हवंय’ एवढंच म्हणा आणि लगेच पेला हातात द्या. आवडता खाऊ त्याला दिसेल असा पारदर्शक डब्यात ठेवा, जवळ बसा आणि पाच-दहा सेकंद गप्प राहा. त्याने शब्द बोलला, बोट दाखवलं, चित्र आणून दिलं, काहीही चालेल. रडवायचं मात्र नाही. हार्ट आणि रिस्ले या संशोधकांनी 1975 साली बालवाडीतल्या मुलांसाठी मांडलेलं ‘इन्सिडेंटल टीचिंग’, म्हणजे मुलाला काही हवं असतं त्या क्षणीच भाषा शिकवणं, याच वाटेचं आहे. आणि हवं ते सांगायला चित्रं किंवा टॅब्लेट दिला की मूल बोलायचं राहतं, ही भीती काढून टाका.

स्पीच थेरपिस्टच्या कोर्सचं म्हणशील तर बीएएसएलपी ही वाचा आणि श्रवण या विषयांतली पदवी, इंटर्नशिप धरून चार वर्षं, मग आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. मुंबईत वांद्र्याला वाचा-श्रवण क्षेत्रातली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. प्रवेशाचे नियम यंदाच्या माहितीपत्रकातच बघ.

पण तुला स्वतःला काय आवडतं, हे अख्ख्या पत्रात कुठेच नाही. पुढचं पत्र फक्त त्याबद्दल लिही. त्यात भावाची एक ओळही नको.