‘रूपं’ नव्हे, आणि हजेरीपटातला ग्रीक शब्द

नवापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे: "नाताळच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी म्हणाले, ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही एकाच देवाची तीन रूपं आहेत.’ नंतर मंडळीतले एक आजोबा जवळ येऊन म्हणाले, ‘बेटा, रूपं नको म्हणू, व्यक्ती म्हण.’ व्यक्ती म्हणजे तर माणूस. मग ‘रूपं’ का चुकलं? आणि पवित्र आत्मा ही तिसरी व्यक्ती ‘आला’ की ‘आली’?"

ताई, आजोबांचं बरोबर आहे. दर डिसेंबरात हे ‘तीन रूपं’ ऐकून माझं डोकं तापतं. त्याच्या जोडीला ‘ख्रिस्ती लोकांची त्रिमूर्ती’ असते आणि पाणी-बर्फ-वाफेचा दाखलाही असतो. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ज्यावरून माणसं वाळीत टाकली गेली, हद्दपार झाली, ते मत आपण शुभेच्छा म्हणून देऊन मोकळे होतो.

मराठीत ‘रूप’ हे घेतलं जातं. विष्णूनं मोहिनीचं रूप घेतलं. घेणारा एक, रूप दुसरं, आणि काम झालं की ते टाकून द्यायचं. सुरगाण्यापासून डांगापर्यंत बोहाडा पाहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही: मुखवटा चढवला की गडी देव, उतरवला की पुन्हा गडी. देवाबद्दल नेमकं हेच सांगणारा सबेलियस नावाचा शिक्षक रोममध्ये होऊन गेला. त्याचा देव एकच. तोच कधी पिता म्हणून प्रकटतो, कधी पुत्र म्हणून, कधी आत्मा म्हणून. इ.स. 220च्या सुमारास रोमचा बिशप कॅलिस्टस यानं त्याला मंडळीबाहेर काढलं. विरोधकांचा मुद्दा साधा होता. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पुत्र पाण्यात उभा, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि वाणी आकाशातून येतेय. तिघेही एकाच वेळी. एकाच गड्याची तीन सोंगं असतील तर बोलतोय कोण आणि कोणाशी? तर्तुलियन या लॅटिन लेखकानं याच मताच्या प्रॅक्सियसला सुनावलं होतं की तू तर पित्यालाच क्रुसावर दिलंस. बर्फ एकाच वेळी वाफही होऊ शकत नाही, म्हणून तो पाण्याचा दाखलाही सबेलियसच्याच पदरात जातो.

एक नोंद करायला हवी. जाणूनबुजून ‘रूपं’च्या बाजूनं उभ्या राहिलेल्या मंडळ्या आजही आहेत. अमेरिकेतल्या पेंटेकोस्टल लोकांत 1916 साली याच प्रश्नावरून फूट पडली, आणि बाहेर पडलेल्यांची परंपरा आपल्याकडेही पोचली आहे. त्यांच्या तोंडी तो शब्द चूक नाही, ते त्यांचं मत आहे. तुम्ही मात्र ज्या मंडळीत उभ्या होता, तिचा विश्वास निराळा.

‘त्रिमूर्ती’चं थोडक्यात. तिथे तीन देव, तीन कामं: उत्पत्ती, स्थिती, लय. त्रैक्यात, म्हणजे पिता-पुत्र-आत्मा या एका देवात, कामांची अशी वाटणी नाही. शहाद्याजवळच्या सारंगखेड्याला दत्त एकमुखी आहे आणि घराघरातल्या तसबिरीत तोच दत्त तीन शिरांचा. युरोपातल्या चित्रकारांनीही एका धडावर तीन चेहऱ्यांचा देव काढायला सुरुवात केली होती. पोप आठवा अर्बन यानं 1628 साली त्यावर बंदी आणली. तीन चेहऱ्यांचा एक, हे त्रैक्य नव्हे, असं त्या चर्चचंच म्हणणं पडलं.

हाच चेहरा या भांडणाच्या मुळाशी आहे. लॅटिन ‘पेर्सोना’ म्हणजे नटाचा मुखवटा. तो ‘पेर-सोनारे’वरून, म्हणजे ज्यातून आवाज घुमतो तो, ही व्युत्पत्ती अजून पुस्तकांतून आणि प्रवचनांतून फिरते आहे. ती चुकीची आहे. ‘सोनारे’मधला ‘सो’ ऱ्हस्व, ‘पेर्सोना’तला दीर्घ, व्याकरण तिथेच अडतं. अर्थ गोड लागला म्हणून स्वर ताणायचा नसतो. इटलीत तार्क्विनियाला एट्रुस्कन या प्राचीन लोकांच्या एका थडग्यात मुखवटा घातलेला माणूस रंगवला आहे आणि त्याच्याजवळ ‘फेर्सु’ असं लिहिलं आहे. शब्द तिकडून आलेला दिसतो. तर्तुलियननं लॅटिनमध्ये सूत्र बांधलं: एक सब्स्तान्तिया (मूळ तत्त्व), तीन पेर्सोना. पूर्वेकडच्या ग्रीकांनी ते ऐकलं, आणि त्यांना ‘तीन मुखवटे’ ऐकू आले. म्हणजे पुन्हा सबेलियस.

मग ग्रीकांनी तीनसाठी कोणता शब्द धरला? हुपोस्तासिस. ताई, खरं तर मला याच शब्दाबद्दल लिहायचं होतं.

‘हुपो’ म्हणजे आपला ‘उप’. ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या या उकाराला ह चिकटतोच. ‘स्तासिस’ म्हणजे आपली ‘स्थिति’, धातू ‘स्था’. जोडा: उप + स्थिति. तुम्ही रोज सकाळी शाळेत ज्याच्यावर सही करता, तो उपस्थितीचा पट! अर्थाचं भाषांतर म्हणून हे मी सांगत नाही. तुकड्याला तुकडा जुळणारा, एकाच आदिम भाषेतून दोन घरी गेलेला हा एकच जोड आहे. भुसावळचं ‘स्टेशन’ आणि धुळ्याचं एसटी ‘स्टँड’ याच ‘स्था’चे युरोपातून परतलेले नातलग, आपण ठाण मांडतो ते ‘ठाण’ इथेच राहिलेलं.

अर्थ मात्र दोन घरी निराळे वाढले. आपल्याकडे ‘उप’ म्हणजे जवळ, म्हणून उपस्थिती म्हणजे जवळ उभं असणं, हजेरी. ग्रीकांकडे ‘हुपो’ म्हणजे खाली. हुपोस्तासिस म्हणजे खाली बसलेलं: रांजणाच्या तळाचा साका, गाळ. ॲरिस्टॉटल हा शब्द असाच वापरतो. साक्यावरून पाया, पायावरून आधार, आधारावरून खरोखर अस्तित्वात असलेली वस्तू. इब्री लोकांस पत्रात विश्वासाला ‘आशा धरलेल्या गोष्टींची हुपोस्तासिस’ म्हटलंय. आपल्या मराठी बायबलात तिथे ‘भरवसा’ आहे, आणि पायाखालची जमीन या अर्थानं तो छान आहे. ‘खाली’ हा अर्थ आपल्या ‘उप’तही शिल्लक आहेच: उपसरपंच, उपकेंद्र, उपविभाग. आलेक्सांद्रियाच्या आरियसनं पुत्राला याच अर्थानं उप केलं होतं. पुत्र थोर, पण निर्माण केलेला. तो नव्हता असं कधीतरी होतं. हे थोपवायला 325 साली निकियाला परिषद बसली आणि पुत्र पित्याशी ‘होमोऊसिओस’ आहे असं ठरलं.

हा शब्दही आपल्याच गोत्रातला. नंदुरबारकडच्या भिलीत ‘सात’चं ‘हात’ होतं ना? ग्रीकनं तेच केलं: सप्तचं ‘हेप्ता’, समचं ‘होमो’. आणि ‘ऊसिया’ निघाली ‘असणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून. आपलं ‘सत्’ आणि आपलं ‘असणं’ त्याच धातूचं. होमोऊसिओस म्हणजे समसत्त्व, ज्याचं असणं तेच आहे असा. तडजोड करू पाहणाऱ्यांनी पुढे ‘होमोइऊसिओस’ सुचवला: तेच नाही, तर त्यासारखं. फरक एका ‘इ’चा. एका इकारासाठी चर्च भांडलं म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. मी हसत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत फरक न करणाऱ्याला आपण मराठीचा पेपर तपासायला देतो का?

खरा घोळ पुढचा. ‘हुपोस्तासिस’चं तुकड्याला तुकडा लॅटिन केलं तर ‘सब्स्तान्तिया’ होतं: सब म्हणजे खाली, स्ता म्हणजे उभं असणं. पण लॅटिनांनी तो शब्द ‘एक’साठी ठेवला होता, आणि ग्रीक हळूहळू तो ‘तीन’साठी वापरू लागले. पूर्वेचा माणूस म्हणे, तीन हुपोस्तासिस. पश्चिमेच्या माणसाला ऐकू येई, तीन सब्स्तान्तिया, म्हणजे तीन देव! पश्चिमेचा म्हणे, तीन पेर्सोना. पूर्वेला ऐकू येई, तीन मुखवटे. खुद्द निकियाच्या ठरावात ऊसिया आणि हुपोस्तासिस एकाच अर्थानं आले होते, त्यामुळे ग्रीकांचं आपसातही जमेना. शेवटी 362 साली आलेक्सांद्रियाला तिथला बिशप अथनासिअस यानं दोन्ही गट बसवले आणि सरळ विचारलं: तुम्ही ‘एक’ म्हणता ते कशाला, आणि तुम्ही ‘तीन’ म्हणता ते कशाला? उत्तरं ऐकल्यावर दोघांनाही कळलं की आपण एकच बोलतोय. पाच वेळा हद्दपारी सोसलेला हा माणूस शब्दांवर अडून बसला नाही, आणि तेवढ्यासाठी तो मला फार मोठा वाटतो. सगळे तंटे असे मिटत नाहीत. आरियसशी मतभेद शब्दाचा नव्हता, खरा होता. पण आधी कोणता तंटा शब्दाचा आणि कोणता मताचा, हे निवडावं लागतं. शब्दचर्चेचं काम तेच.

नंतर कप्पदुकियाच्या तिघांनी, बेसिल आणि दोन ग्रेगरी यांनी, सूत्र पक्कं केलं: एक ऊसिया, तीन हुपोस्तासिस. बेसिलनं फोड केली की ऊसिया म्हणजे सर्वांत समान असतं ते, हुपोस्तासिस म्हणजे एकेकाचं वेगळं. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. ही तर आपली जाति-व्यक्ति! गोत्व ही जाती, समोर उभी असलेली ही कपिला गाय म्हणजे व्यक्ती. नैयायिक आणि मीमांसक शतकानुशतकं यावर वाद घालत आले. ज्या अमळनेरात 1916 सालापासून तत्त्वज्ञान मंदिर उभं आहे, तिथून तासाभराच्या वाटेवरचे वक्ते ‘व्यक्ती हे इंग्रजी पर्सनचं कच्चं भाषांतर’ असं ठोकून देतात याचं मला वाईट वाटतं. ‘व्यक्ती’ म्हणजे माणूस हा अर्थ अलीकडचा. वि + अञ्ज्, स्पष्ट होणं, वेगळं उठून दिसणं, हा मूळचा. तो हुपोस्तासिसच्या जवळ बसतो, मुखवट्याच्या नव्हे.

अडचण एकच, आणि ती ग्रेगरीलाही विचारली गेली होती: पेत्र, याकोब, योहान या तीन व्यक्ती म्हणजे तीन माणसं, तर मग हे तीन देव का नव्हेत? निस्साच्या ग्रेगरीनं उत्तर दिलं की तिघांचं करणं एकच आहे. माणसं तीन शेतं तीन नांगरांनी नांगरतात, इथे नांगरणं एकच. (नांगर माझा, मुद्दा त्याचा.) अहिराणीत सांगायचं तर व्यक्ती ‘शेतस’, पण देव ‘शे’. ऑगस्टीननं अधिक सरळ लिहिलं: ‘तीन काय?’ असं विचारलं की माणसाची भाषा तोकडी पडते. ‘तीन पेर्सोना’ म्हणतात ते काही सांगता यावं म्हणून नव्हे, गप्प बसावं लागू नये म्हणून. ग्रीक ऊसिया आणि हुपोस्तासिस यांत काय फरक करतात हे आपल्याला कळत नाही, असंही त्यानं तिथेच मोकळेपणी लिहिलं आहे. पंडिता रमाबाईंना 1883 साली बाप्तिस्मा घेतल्यावर हाच सिद्धान्त पचेना आणि इंग्लंडातल्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींशी त्यांचा त्यावर पत्रव्यवहार झाला. संस्कृत कोळून प्यालेल्या बाईंना जो शब्द अडला, तो तुम्हाला नाताळच्या मंचावर अडला तर त्यात काही कमीपणा नाही.

‘त्रैक्य’बद्दल एक सेवानिवृत्त प्राध्यापक मला बजावत असतात की त्रि + ऐक्य म्हणजे ‘त्र्यैक्य’, म्हणून ‘त्रैक्य’ अशुद्ध. संधी त्यांचा बरोबर आहे, निकाल चूक आहे. त्रैलोक्य, त्रैमासिक, त्रैराशिक या रांगेत बसून तो शब्द घडला आणि मंडळ्यांनी उपासनेत तो पिढ्यान्‌पिढ्या म्हटला. ‘त्र्यैक्य’ एकदा भरल्या मंडळीत गाऊन दाखवा, मग बोलू.

एक जोड सांगायचा मोह आवरत नाही. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो, या वाक्यात पश्चिमेनं ‘फिलिओक्वे’ घातलं, ‘आणि पुत्रापासून’. रोमनं ते 1014 साली विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, म्हटलं, आणि 1054 साली पूर्व-पश्चिम दुरावली त्या कारणांत हेही होतं. त्यातलं शेवटचं ‘क्वे’ म्हणजे संस्कृतातला ‘च’, रामः लक्ष्मणः च मधला. मराठीतला जोर देणारा ‘च’ निराळा, त्याची गल्लत नको. पश्चिमेचं म्हणणं ‘पुत्रापासूनही’, पूर्वेचं म्हणणं ‘पित्यापासूनच’. संस्कृत ‘च’ एका बाजूला, मराठी ‘च’ दुसऱ्या बाजूला.

‘आला’ की ‘आली’, हे राहिलंच. क्रियापद कर्त्यामागून जातं: ‘पवित्र आत्मा आला’, पण ‘तिसरी व्यक्ती आली’. दोन्ही शुद्ध, एकाच वाक्यात कोंबू नका म्हणजे झालं. हिब्रूत आत्म्याचा शब्द ‘रुआख’ स्त्रीलिंगी, ग्रीक ‘प्नेउमा’ नपुंसकलिंगी, लॅटिन ‘स्पिरितुस’ पुल्लिंगी. सुरुवातीच्या सिरियाक लेखनात तर पवित्र आत्मा ‘ती’च आहे. आणि पाणिनीच्या ‘लुपि युक्तवद् व्यक्तिवचने’ या सूत्रात ‘व्यक्ति’ या शब्दाचा अर्थ काय आहे, माहीत आहे? लिंग.