नाइटचा डबा

अगं पोरी,

हॉस्पिटलातली नाइट संपवून सकाळी नऊला खोलीवर येतेस, पडदे ओढतेस आणि बारापर्यंत नुसती कूस बदलतेस. ऊन, रिक्षा, शेजारणीचा मिक्सर, सगळ्यांना दोष देऊन झाला. डबा किती वाजता उघडतेस, ते मात्र खोदून विचारल्यावर सांगितलंस. रात्री दोनला! वर सुटताना मिरज स्टेशनजवळ वडापाव आणि चहा.

काय खातेस ते विचारत नाही मी. केव्हा खातेस ते विचारतेय.

फिजिऑलॉजी शिकलीस, तरी सांगते. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं, म्हणून उन्हाबद्दलची तुझी तक्रार खोटी नाही. पण लिव्हर, पॅन्क्रियाज, चरबी यांची आपापली घड्याळं असतात आणि ती बऱ्याच अंशी जेवणावर लागतात. 2017 साली इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठाने 10 तरुणांची जेवणं 5 तास पुढे ढकलली. रक्तातल्या साखरेची लय जवळपास 6 तास पुढे सरकली, मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं सांगणारं हार्मोन, जागचं हललं नाही. एकाच अंगात दोन वेगळ्या वेळा! रात्री दोनला मेलाटोनिन चढलेलं, तेव्हा इन्सुलिन हात आखडता घेतं आणि साखर रेंगाळते. 2021 मध्ये बोस्टनला प्रयोगशाळेतच लोकांना नाइट करायला लावली. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर 6.4 टक्क्यांनी वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची नाही. जागरण दोघांचंही सारखंच.

म्हणून केव्हा, केव्हा, केव्हा. निघायच्या आधी सातला पोटभर जेव. भाकरी, पालेभाजी, आमटी. बारा ते पाच खाणं नाही, पाणी पी. अगदीच कावळे ओरडले तर मूठभर फुटाणे; भडंग नको, त्याची मूठ कधी मूठभर राहत नाही. तीननंतर चहा बंद, कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. सकाळी थोडं उपीट, आणि खाल्ल्या खाल्ल्या आडवं व्हायचं नाही. छातीतली जळजळ तिथूनच येते. (इन्सुलिनवर असलेल्या स्टाफने माझं ऐकू नये, डॉक्टरांना विचारावं.)

"सगळ्या एकत्र बसतात, मी एकटी कशी नाही म्हणू?" म्हणतेस. माझ्या वेळी मला 'शिष्ट' म्हणायचे. वॉर्डातली मावशी घरचं वांग्याचं भरीत झाकण उघडून नाकासमोर धरायची, मी सलाईनचे थेंब मोजत उभी. त्या डब्यांभोवती बायकांच्या जन्माच्या मैत्रिणी झाल्या. माझ्या नाही झाल्या, आणि त्याची हळहळ अजून आहे. पण वेळ मी सोडली नाही. हट्टीपणा होता? असेल. नाइट करून घरी आले की झोपत होते मी, गाढ. तू बसत जा त्यांच्यात, गप्पा मार, फक्त ताट घेऊ नकोस. हे मला तेव्हा जमायला हवं होतं, तुझा स्वभाव माझ्यापेक्षा गोड आहे.

आणि ऑफच्या दिवशी तासगावला जाऊन रात्री अकराला जेवतेस, तेही बंद. आईला माझं नाव सांग, रागावली तर माझ्यावर रागावेल.

तुझी,
जुनी सिस्टर