अर्थशास्त्राची प्रश्नोत्तरे : गुणक २५ का येत नाही?

प्रश्न : मी एम. ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. सीआरआर (ठेवींपैकी बँकांनी रिझर्व्ह बँकेत ठेवायचा रोख हिस्सा) ४ टक्के धरला, तर १ ÷ ०.०४ म्हणजे पैशाचा गुणक (राखीव पैशाच्या किती पट एकूण पैसा) २५ यायला हवा. पण रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांवरून एम३ (जनतेकडचं चलन आणि बँकांतल्या ठेवी) भागिले राखीव पैसा (चलनातल्या नोटा-नाणी आणि बँकांची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक) केलं, की उत्तर पाच-सहाच्या घरात येतं. माझं कुठे चुकतंय?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुमचा भागाकार बरोबर आहे, सूत्र अपुरं आहे. लोक सगळा पैसा बँकेतच ठेवतात, घरात एक नोटही नाही, असं ते सूत्र गृहीत धरतं. जनतेच्या हातातलं चलन भागिले ठेवी हे प्रमाण ‘च’ आणि बँकांचा राखीव निधी भागिले ठेवी हे ‘र’ मानलं, तर गुणक = (१ + च) ÷ (च + र). उदाहरणादाखल च ०.१६ आणि र ०.०४ घ्या : १.१६ ÷ ०.२० = ५.८. आता च ०.२० करा, गुणक थेट ५ वर येतो. उलट च तोच ठेवून र ०.०३ केला, तरी तो जेमतेम ६.१ होतो. हातात गेलेली नोट पुढच्या कर्जाला आधार देत नाही, म्हणून च चा पगडा इतका मोठा. परीक्षेत ही दोन गणितं शेजारी शेजारी मांडाच.

‘च’ काढताना ‘चलनात असलेल्या नोटा-नाणी’ हा आकडा उचलू नका. त्यात बँकांच्या तिजोरीतली रोकडही असते, ती वजा करावी लागते. एम३ आणि राखीव पैसा एकाच तारखेचे घ्या. १ जुलै २०२३ ला गृहकर्ज देणारी एचडीएफसी लिमिटेड ही कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली. त्या काळाची तुलना करत असाल, तर बँकांचे आकडे विलीनीकरणासह आहेत की त्याविना, ते रिझर्व्ह बँकेच्या तक्त्याच्या तळटीपेत पाहा.

आणि गुणक वाढला म्हणजे बँकांनी जास्त कर्ज दिलं, असं लिहू नका. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत नोटा ठेवी होऊन परतल्या. बँकांनी जादा रक्कम रिव्हर्स रेपोत (रिझर्व्ह बँकेकडे थोड्या काळासाठी व्याजाने) ठेवली, आणि रिव्हर्स रेपो राखीव पैशात मोजत नाहीत. त्यामुळे भाजक, म्हणजे राखीव पैसा, आक्रसला, एम३ जवळपास तेवढाच राहिला, गुणक उसळला. कर्जं मात्र थंडच होती. मग १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबरदरम्यान वाढलेल्या ठेवींवर तात्पुरता १०० टक्के वाढीव सीआरआर लागला. ती रक्कम रिझर्व्ह बँकेतल्या शिल्लकीत अडकली आणि राखीव पैसा पुन्हा फुगला. या काळाची राखीव पैशाची साप्ताहिक मालिका काढून आलेख करा, दोन्ही वळणं स्पष्ट दिसतील.