यादीतले अवघड इंग्रजी शब्द पाठ होतात, पण टिकत का नाहीत?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नववीत दर आठवड्याला वीस नवे इंग्रजी शब्द अर्थासकट मिळतात, शुक्रवारी त्यांची चाचणी होते आणि तुला पैकीच्या पैकी गुण पडतात. पण महिन्याभरात त्यातले बहुतेक शब्द आठवेनासे होतात. निबंधात वापरायला जावं तर बाई त्याखाली लाल रेघ मारतात. 'आय मिटिगेटेड माय होमवर्क' हे तुझं वाक्य असंच कापलं गेलं. पाठांतराची पद्धत चुकतेय का आणि निबंधात भारी शब्द घालावेत का, असं तू विचारलं आहेस. मी बरीच वर्षं शाळेत इंग्रजी शिकवते आणि हा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझी मेहनत कमी पडत नाहीये, हे आधी सांगते. शुक्रवारची चाचणी एवढंच बघते की शब्द समोर आला की त्याचा अर्थ लिहिता येतो का. तेवढं तुला येतं. पण शब्द खऱ्या अर्थाने येणं यात बरंच काही असतं: उच्चार, स्पेलिंग, त्याची नाम-क्रियापद-विशेषण ही रूपं, तो कोणत्या शब्दांबरोबर येतो, बोलण्यात चालतो की फक्त लेखनात शोभतो. वीस शब्दांचं हे सगळं एका आठवड्यात कुणालाच जमत नाही. म्हणून वीसही शब्द चाचणीपुरते कर आणि त्यातले पाच-सहाच कायमचे आपले करायला निवड. बाकी मी जे सांगणार आहे ते या पाच-सहांबद्दल आहे.

आधी विसरण्याचं बघू. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि किती वेळाने त्यातलं किती उरतं ते मोजायचं, असं त्याने चिकाटीने केलं. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्यातून दिसलं. एकाच बैठकीत खूप वेळा घोकण्यापेक्षा तीच उजळणी काही दिवसांत विभागली तर कमी श्रमात काम होतं, हेही दिसलं. गुरुवारी रात्री सगळी यादी घोकून शुक्रवारी उतरवणं याच्या बरोबर उलट आहे.

दुसरा प्रयोग तुझ्या अनुभवाला अगदी चपखल बसतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला येतंय असा भास होतो. आठवताना डोक्याला ताण पडतो, आणि तोच ताण पुढे उपयोगी येतो.

त्यामुळे यादी वाचत बसू नकोस. अर्थाचा रकाना हाताने झाक आणि आठव. आठवला नाही तरी काही सेकंद प्रयत्न कर, मगच हात काढ. मग उलट कर: अर्थ बघून इंग्रजी शब्द स्पेलिंगसकट लिही. ही उलटी दिशा अवघड आहे आणि मुलं नेमकी तीच टाळतात. वाचताना शब्द दिसून अर्थ आठवावा लागतो, लिहिताना मात्र मनात अर्थ असतो आणि शब्द शोधावा लागतो. एकाच बाजूने पाठ केलेला शब्द निबंधाच्या वेळी हाताशी येत नाही, तो यामुळेच. छोट्या कार्डांवर एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ लिहून दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने असं बघत जा. जे कार्ड अडेल ते पुन्हा पहिल्या दिवसावर आणायचं. मोबाईलवरची फ्लॅशकार्डची अ‍ॅप्स हेच करतात. कागद वापर नाहीतर अ‍ॅप, फरक पडत नाही. मात्र कार्ड स्वतः बनव. दुसऱ्याच्या तयार संचात तुझी वाक्यं नसतात.

आता 'मिटिगेट'कडे येऊ. यादीत त्याचा अर्थ 'कमी करणे' असा असणार, आणि गृहपाठ तर कमी करता येतो, त्यामुळे तुझं वाक्य तुझ्या दृष्टीने बरोबरच होतं. पण 'मिटिगेट'च्या पुढे जवळजवळ नेहमी काहीतरी वाईट किंवा घातक येतं: 'मिटिगेट द रिस्क', 'मिटिगेट द डॅमेज', 'मिटिगेट द इफेक्ट्स ऑफ ड्रॉट'. म्हणजे हानीची तीव्रता कमी करणं. हवामानबदलाच्या धड्यात 'मिटिगेशन' येतं ते याच अर्थाने. कायद्याच्या भाषेत 'मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस' म्हणजे गुन्ह्याचं गांभीर्य थोडं हलकं ठरवणारी परिस्थिती. गृहपाठ, किंमत, वजन यांना साधं 'रिड्यूस' लागतं. शिवाय याच्याशी सारखा दिसणारा 'मिलिटेट' आहे. तो 'अगेन्स्ट' घेऊन येतो आणि त्याचा अर्थ एखाद्या गोष्टीच्या विरोधात जाणं, आड येणं. जन्मभर इंग्रजी बोलणारेसुद्धा या दोघांची गल्लत करून 'मिटिगेट अगेन्स्ट' लिहून जातात, तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस.

जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात सांगितलं होतं की शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा. ही संगत अर्थाच्या रकान्यात मावत नाही. पाऊस जोराचा आणि वाराही जोराचा, पण इंग्रजीत पाऊस 'हेवी' आणि वारा 'स्ट्राँग'. यामागे नियम शोधण्यात वेळ घालवू नकोस, जोडी म्हणूनच लक्षात ठेव.

त्यासाठी वहीत एका शब्दाला अर्धं पान दे. 'रिलक्टंट'चं पान कसं दिसावं ते सांगते. वर शब्द आणि जोर कुठे द्यायचा याची खूण, इथे तो 'लक्'वर. खाली तुझ्या शब्दांत अर्थ: करायला मन घेत नाही असा. मग रूपं: 'रिलक्टंटली', 'रिलक्टन्स'. मग संगत: 'रिलक्टंट टू' आणि पुढे क्रियापद, जसं 'रिलक्टंट टू स्पीक', 'रिलक्टंट टू अ‍ॅडमिट'. शिवाय 'विथ ग्रेट रिलक्टन्स'. मग शेजारचा शब्द: 'अनविलिंग'. ज्याचं मन नाही तो 'रिलक्टंट' माणूस बऱ्याचदा शेवटी ते काम करतो, म्हणून 'शी रिलक्टंटली अग्रीड' सहज चालतं. 'अनविलिंग'मध्ये नकाराकडे कल जास्त असतो.

सर्वांत शेवटी तुझं स्वतःचं वाक्य. ते नीट जमलंय का हे बघायची माझी एक कसोटी आहे. वाक्यातला नवा शब्द झाकायचा आणि त्या जागी काय काय बसतं ते बघायचं. 'ही इज रिलक्टंट' यात उंच, हुशार, आजारी, काहीही बसेल. म्हणजे या वाक्याने तुला काहीच शिकवलं नाही. 'आय वॉज रिलक्टंट टू शो माय ड्रॉइंग बिकॉज इट वॉज अनफिनिश्ड' यात मात्र दुसरं फारसं काही बसत नाही. असं वाक्य लिहायला 'बिकॉज', 'बट', 'ऑल्दो' यांची मदत घे. हे लिहिताना पाच मिनिटं जातात, आणि ती जाऊ दे.

याद्यांबद्दल एक तक्रार मला शिक्षिका म्हणूनही आहे. 'हॅपी'ऐवजी वापरायचे सहा शब्द एकदम, किंवा 'अ‍ॅडॅप्ट' आणि 'अ‍ॅडॉप्ट' शेजारी-शेजारी, अशी मांडणी डोळ्यांना नीटनेटकी दिसते पण शिकणाऱ्याला त्रास देते. अर्थाने किंवा रूपाने जवळचे शब्द पहिल्यांदा एकत्र शिकले की एकमेकांत मिसळतात, हे अभ्यासांतही दिसून आलं आहे. अशी जोडी आली तर एक शब्द या आठवड्यात पक्का कर, दुसरा दोन-तीन आठवड्यांनी घे.

पाच-सहा शब्द कोणते निवडायचे? इझाबेल बेक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर सांगितले आहेत. पहिल्यात रोजच्या बोलण्यातले शब्द येतात, ते तुला येतातच. तिसऱ्यात 'फोटोसिंथेसिस'सारखे एकेका विषयाचे शब्द येतात, ते त्या विषयाबरोबर शिकले जातात. मधल्या थरात 'असम्प्शन', 'सिग्निफिकंट', 'इंडिकेट', 'रिलक्टंट' असे कुठल्याही विषयाच्या लिखाणात भेटणारे शब्द असतात. निवड इथून कर. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या न्यूझीलंडच्या अभ्यासिकेने 2000 मध्ये अशा 570 शब्दकुटुंबांची (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट' प्रसिद्ध केली. उच्च शिक्षणाच्या पुस्तकांतल्या मजकुराचा साधारण दहा टक्के भाग एवढ्या शब्दांनी व्यापलेला असतो. ती इंटरनेटवर मोफत मिळते. यादीत एखादा फार दुर्मीळ, नुसता भारदस्त शब्द असेल तर तो चाचणीपुरता ठेव आणि सोडून दे.

वाचनाबद्दल सगळेच सांगतात, पण अर्धवट सांगतात. संदर्भावरून अर्थ लागतो हे खरं, मात्र एकदा भेटलेला शब्द तेवढ्यावर शिकला जाण्याची शक्यता फार थोडी असते. वाचनाचा फायदा होतो तो पुष्कळ वाचल्याने, आणि पुष्कळ वाचलं जातं ते सोपं असलं तरच. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या 2006 मधल्या हिशेबानुसार कादंबरी किंवा वर्तमानपत्रातले 98 टक्के शब्द ओळखीचे असायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. 98 टक्के म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी, आणि तेव्हाच मदतीशिवाय आरामात वाचता येतं. पानावर वीसेक शब्द अडणारं जाडजूड पुस्तक कौतुकासाठी हातात धरू नकोस. दोन पायऱ्या खालचं, गोष्टीत गुंतवणारं पुस्तक घे. अडलेला शब्द बघायला इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे भाषा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश, वापर. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांच्या अशा डिक्शनऱ्या मोफत ऑनलाइन आहेत. लाँगमनच्या व्याख्या साधारण दोन हजार सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात आणि खालची उदाहरणं संगत दाखवतात. मराठी अर्थही बघ, पटकन कळायला तो उत्तम, फक्त तिथे थांबू नकोस.

लॅटिन-ग्रीक मुळं शिकली तर आधार मिळतो: 'स्पेक्ट' म्हणजे पाहणं हे कळलं की 'इन्स्पेक्ट', 'स्पेक्टेटर', 'रेट्रोस्पेक्ट' एका धाग्यात येतात. पण नुसत्या मुळावरून अर्थ ठरवू नकोस. 'इन्व्हॅल्युएबल'मधला 'इन' बघून मुलं त्याचा अर्थ बिनकिमतीचा लावतात, तो असतो अमूल्य.

निबंधात भारी शब्द घालावेत का, हाही तुझा प्रश्न होता. डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञाने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गरज नसताना लांब शब्द पेरलेलं लिखाण वाचून वाचकांनी लेखकाला कमी हुशार ठरवलं होतं. अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेशाच्या सॅट परीक्षेसाठी मुलं वर्षानुवर्षं दुर्मीळ शब्दांच्या याद्या पाठ करायची. तिथूनही 1994 मध्ये विरुद्धार्थी शब्द, 2005 मध्ये शब्दांमधलं नातं ओळखायच्या जोड्या आणि 2016 मध्ये वाक्यातली गाळलेली जागा भरण्याचे प्रश्न गेले आणि उताऱ्यातल्या शब्दांचा अर्थ विचारला जाऊ लागला. तेव्हा एका निबंधात वहीत अर्धं पान झालेले एक-दोन शब्द वापर, तेही साध्या शब्दाने काम भागत नसेल तिथे.

येत्या आठवड्याचं असं कर: यादी हातात आली त्याच दिवशी शब्द निवड आणि पहिली दोन पानं लिही. रोज दहा मिनिटं अर्थ हाताने झाकून आठव. शनिवारी, म्हणजे चाचणी संपल्यावर, ते पाच-सहा शब्द पुन्हा काढ, कारण खरी उजळणी तिथून सुरू होते. बाईंना तुझी वाक्यं दाखव. लाल रेघेऐवजी काय यायला हवं होतं हे विचारलं तर बहुतेक शिक्षक आनंदाने सांगतात. आणि कसोटीत न बसणारं एखादं वाक्य असेल तर इथे टाक, मी बघून सांगेन.