‘तशी काही घाई नाही हं’

“मॅडम, काम वेळेत देते, कौतुकही होतं. पण पैसे मागायचे म्हटलं की जीभच उचलत नाही.”

डिझायनर, व्हिडिओ एडिटर, मुद्रितं तपासणारे... स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कितीजणांच्या तोंडून समुपदेशक म्हणून मी हे ऐकलं, त्याची गणतीच नाही. त्यातल्याच एका भाषांतरकार मुलीबद्दल लिहिते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

तिची तीन क्लायंटकडे तीन बिलं थकली होती, त्यातलं सर्वांत जुनं पाच महिन्यांपूर्वीचं. फोनमध्ये त्याच क्लायंटला लिहिलेले पण न पाठवलेले अकरा मेसेज होते. मी म्हटलं, “एक वाचून दाखवा.”

“सर, डिस्टर्ब करतेय, सॉरी. तुम्ही कामात असाल. जमलं तर बिलाचं जरा बघाल का? तशी काही घाई नाही हं.”

“खरंच घाई नाही?”

तिने फोन पालथा ठेवला. “दोन महिन्यांचं घरभाडं द्यायचंय.”

आणि हीच मुलगी रात्री संतापाने तळमळत पडायची. माझ्यावर मागायची वेळच का यावी, त्यांना एवढंही कळू नये? सकाळ झाली की पुन्हा ‘सॉरी’.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे, आणि तो वर्षागणिक वाढतच गेला आहे. घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल आपण मनाशी जे बोलतो, तेच आपल्याला जास्त छळतं. ही मुलगी मनाशी दोन गोष्टी बोलत होती. ‘त्यांनी न मागता द्यायलाच हवेत’, यातून राग यायचा. ‘मागितले तर मी लाचार ठरेन’, यातून लाज. या दोन्हींच्या ओढाताणीत मेसेज तसाच पडून राहायचा.

हे मी तिला समजावून सांगितलं, तिला पटलंही. पण पटून काही हललं नाही. तिसऱ्या भेटीत मी सहज विचारलं, “आधीच्या नोकरीत वसुलीचं काम कधी केलंत?”

“दोन वर्षं तेच करत होते! दर सोमवारी थकबाकीची यादी घेऊन फोनला बसायचे.”

“तेव्हा जीभ अडखळायची?”

“छे! ते पैसे कंपनीचे होते.” ती हसली आणि हसता हसता थांबली. “माझे नव्हते.”

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायला शिकावं लागतं, मलाही ते बऱ्याच वर्षांनी जमलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “म्हणजे दर बिलासोबत मी त्यांना विचारतेय, मी चांगली आहे ना? आणि उत्तर आलं नाही की...”

पुढचं तिला बोलावं लागलं नाही. क्लायंटच्या मौनाचा ती ‘तुझं काम बेतास बात’ असा अर्थ लावत होती. प्रत्यक्षात बिल कुणाच्या तरी टेबलावर सहीवाचून पडलं असेल, खरेदी आदेशाचा क्रमांक लिहायचा राहिला असेल, महिन्याची पेमेंटची तारीख हुकली असेल. काहीजण मुद्दाम टाळतात, तेही खरं. पण यातल्या कशावरूनही तिची लायकी ठरत नाही. बिलावरचा आकडा कामाचा असतो, माणसाचा नव्हे, हे तिला त्या दिवशी आतून कळलं. मला विचाराल तर अर्धी वसुली तिथेच झाली.

मग आम्ही सराव केला. मी क्लायंट. तिने रक्कम सांगायची, तारीख विचारायची आणि गप्प राहायचं. पहिल्यांदा चौथ्या सेकंदाला तिच्या तोंडून निघालंच, “तुमच्या सोयीने चालेल.” सातव्या वेळी ती थांबू शकली.

एलिस स्वतः तरुणपणी फार बुजरे होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी महिनाभर न्यूयॉर्कच्या एका वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलायचं ठरवलं. शंभरेक जणींशी बोलून भेट ठरली एकच, आणि तीही आली नाही. पण नकाराने आकाश कोसळत नाही, एवढं त्यांना कळलं. पैसे मागण्याची भीतीही मागूनच मोडते.

तिला दिलेला सल्लाच इथे देते. मेसेजमध्ये बिल क्रमांक, तारीख, रक्कम, मुदत आणि एकच प्रश्न: “पेमेंट किती तारखेला होईल?” ‘कधी’ विचारलं की ‘लवकरच’ हे उत्तर ठरलेलं. काम देणाऱ्याबरोबर हिशेब विभागालाही लिहा. मुदत संपायच्या दोन-तीन दिवस आधीच साधी आठवण पाठवा, म्हणजे राग साठत नाही. नवं काम घेताना काही रक्कम आगाऊ आणि बाकीची टप्प्याटप्प्याने ठरवा, तेही लेखी. आधीचा टप्पा जमा झाल्याशिवाय पुढचा सुरू करू नका. ‘उशीर झाल्यास व्याज’ ही अट घालताना पुष्कळांना अवघडतं. ब्रिटनमध्ये १९९८चा कायदाच धंद्यातल्या थकलेल्या बिलावर व्याज मागण्याचा हक्क देतो. त्यात हावरटपणा कसला? आणि ‘सॉरी’ तेवढं काढून टाका. उशीर तुम्ही केलेला नाही.

शेवटच्या भेटीत तिने सांगितलं, जुन्या क्लायंटला तिने फोन केला होता. ते म्हणाले, “दोन-चार दिवस इकडेतिकडे चालतील ना?” तिने उत्तर दिलं, “नाही सर, पंधरा तारखेलाच लागतील.” फोन ठेवल्यावर तिचे हात थरथरत होते. पैसे सोळाला आले.

दुसऱ्यानेही दिले. तिसरं बिल अजून अडकलेलं आहे. त्याचं काम तिने थांबवलंय आणि दर सोमवारी ती त्याला फोन करते.