वाढलेलं खा

प्रिय बाळ,
प्रभूमध्ये सलाम.

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी दोनदा ऐकला. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा राग आला. "मावशी, टांझानियात मिशनरी म्हणून येऊन सात महिने झाले, इथं माझी कुणाला गरजच नाही," असं तू म्हणत होतास आणि मागं कुकरची शिट्टी वाजत होती. तीन वाजल्या, मोजल्या मी. खोलीत एकटा डाळ-भात शिजवून खातोस ना? आईनं बांधून दिलेलं मेतकूट, शेंगाचटणी, लोणचं? मग गरज कुणाला वाटणार, कुकरला?

लूकचा 10वा अध्याय काढ. संडेस्कूलमध्ये मीच तुझ्याकडून पाठ करून घेतलाय. सत्तर जणांना पाठवताना प्रभूनं क्रम लावून दिला होता. 8व्या वचनात, पुढे वाढतील ते खा. 9व्यात, दुखणाईतांना बरं करा. देवाचं राज्य जवळ आलंय हे सांगायचं ते त्याच्याही नंतर. मी तिकडे मिशनची नर्स होते, म्हणून मी थेट 9व्यात उडी मारली. जेवणाचं ते वचन मला किरकोळ वाटलं. आणि घरोघर फिरू नका, हे 7व्यातच लिहिलंय. तू मात्र रिपोर्टात "या महिन्यात बेचाळीस घरं" असं लिहून पाठवतोस. फोटो मागणाऱ्या ग्रुपमध्ये मीही आहे, पैसेही देते, म्हणून हक्कानं सांगते: बेचाळीस घरं नकोत. एका घरी जा आणि वाढलेलं खा.

माझी चूक सांगते. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बाईनं मला पहिल्याच महिन्यात घरी बोलावलं. दारात "होडी", म्हणजे आत येऊ का, असं म्हणायला मी शिकले होते, आतून "कारिबू", म्हणजे या, असं आलं. तिच्या मुलीनं हातावर कोमट पाणी घातलं. पुढे उगाली, आपल्या घट्ट उकडीसारखी, आणि डगा. सरोवरातली ती बोटाएवढी सुकी मासळी तुझ्याही बाजारात ढिगानं असते. त्या मासळीचे डोळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, पोट बरं नाही. ती काही बोलली नाही. माझी थाळी उचलून तिनं मुलापुढे सरकवली आणि मला दुकानातून सोड्याची बाटली मागवली.

ती बाटली मला दोन वर्षं मिळत राहिली. कुठल्याही घरी जा, "म्हिंदीसाठी सोडा आणा." म्हिंदी म्हणजे हिंदुस्थानी माणूस. तुला कळलं असेलच, तिथं आपण म्हणजे दुकानदार. मिशनरी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे गोरा माणूस येतो. आपला चेहरा दिसला की साखरेचा भाव विचारतात. त्यात मी सोडा पिणारी. दोन वर्षं मी त्यांच्यासाठी मनापासून प्रार्थना केली आणि दोन वर्षं पाहुणीच राहिले. मग एका दुपारी त्याच बाईनं सोडा न मागवता माझ्यापुढे सुक्या डगानं भरलेली सुपली ठेवली, म्हणाली, निवडू लाग. का, ते मी विचारलं नाही. खडे काढले आणि जेवले. चव? खरं सांगायचं तर आजही आवडत नाही. पण त्या दिवशी तिनं तिच्या मेलेल्या मुलाबद्दल पहिल्यांदा सांगितलं.

वाढलेलं खा म्हणजे कच्चं पाणी पी असं नव्हे. पाणी उकळ, मच्छरदाणीत झोप, ताप आला की रक्त तपासून मगच गोळ्या घे. उपासना तीन तास चालते ही तक्रार मात्र मला सांगू नको. नंतर अर्पणातल्या कोंबड्या-अंड्यांचा लिलाव होतो ना, आपल्या कापणीच्या सणात होतो तसा? तिथं बोली लाव. कोंबडी घे आणि ज्या घरी शिजवतील तिथं घेऊन जा.

भाषेचंही हेच. स्वाहिली तुला जमायला लागलीय, चांगलं झालं. चहा, चपाती, लाखाला 'लाकी', विम्याला 'बीमा', अर्धं आपलंच आहे ते. पण तुझ्या गावातल्या म्हाताऱ्या चुलीपाशी त्यांची सुकुमा भाषा बोलतात. स्वाहिली शाळेची नि बाजाराची. ते मिशनरी थॉमस स्टीफन्स बघ, इंग्लंडचे, 1579 ला गोव्यात उतरले. त्यांचं मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं गेलं 1616 ला. दहा हजारांवर ओव्या. मध्ये सदतीस वर्षं गेली. गोव्यातल्या साष्टीत कुणाच्या ओसरीवर बसल्याशिवाय ओवी कानात शिरते का? आणि तू सात महिन्यांत हिशेब मागतोस!

हे सांगायचा मला अधिकार किती, असं तू विचारशील. विचारच. मी परदेशात दोन वर्षांत स्वाहिली शिकले आणि बेळगावात जन्म काढून कन्नड शिकले नाही. आमच्या घरी 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळायचे, वडील सीमालढ्यात होते. 1956 साली अन्याय झाला हे मी आजही म्हणते, आणि 2014 ला पाटीवर बेळगावी आलं तरी माझ्या तोंडी बेळगावच आहे, ते तसंच राहील. पण शेजारच्या अक्का तीस वर्षं कुंपणावरून "ऊटा आयता?" म्हणून विचारत होत्या आणि मी हट्टानं हिंदीत "हां, हो गया" म्हणत होते, त्याचा सीमाप्रश्नाशी काय संबंध? जेवलीस का, एवढंच तर विचारत होत्या. आपल्या गावात लंडन मिशनची माणसं 1820 पासून, त्यांनी दोन्ही भाषा घोटल्या. मला एक जमली नाही.

आणि हो, मी हरून परत आले असं मंडळीत अजून बोलतात, तुझ्याही कानावर आलंच असेल. वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून नवव्या वर्षी आले. माझ्या हातून एकाचाही बाप्तिस्मा झाला नाही, हे खरंय. निघाले तेव्हा त्या बाईनं डगाची पुरचुंडी दिली, ती कस्टमवाल्यांनी टाकायला लावली. कोणत्या रिपोर्टात लिहू ते?

तर परत यायचं का, हा तुझा प्रश्न. सहा महिने विचारू नको. कुकर शेजारणीला देऊन टाक. मेतकूटही दे, भातावर कसं घालायचं ते तिच्या भाषेत सांगता येतं का बघ. येणार नाही. तीच शिकवेल. लोणचं ठेव स्वतःला, मी काही एवढी कठोर नाही.

आता थांबते. अक्कांनी सकाळी वाटीभर एण्णेगाई, त्यांच्याकडची भरली वांगी, पाठवलीय. वाटी रिकामी परत द्यायची नसते, म्हणून शेंगाचटणी कुटायला घेतलीय, आणि चार वाक्यं कन्नडात घोकतेय. तिसऱ्यावर अडकते आहे.

तुझी मावशी