वाखेनिंगेनला येण्याआधी गणिताशी गट्टी कर

तू परभणीला फूड टेक्नॉलॉजीच्या बी.टेक.च्या शेवटच्या वर्षाला आहेस, नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनला एम.एस्सी. करायचंय, आणि गणित कच्चं आहे तर झेपेल का, असं विचारलंयस. रत्नागिरीहून इथे आले तेव्हा मलाही हीच धास्ती होती, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

झेपेल, पण गणित टाळून नाही. इथल्या फूड टेक्नॉलॉजीत डेअरी, प्रॉडक्ट डिझाइन अशा बऱ्याच शाखा आहेत. तुला हवी आहे ती प्रोसेस इंजिनीअरिंगची, आणि तिथे उष्णता कशी जाते, द्रव कसा वाहतो याच्या समीकरणांशिवाय पान हलत नाही. आपल्याकडे पाश्चरायझेशन, म्हणजे जंतू मारायला दूध तापवणं, म्हटलं की ‘72 अंशांवर 15 सेकंद’ हे पाठ असतं. इथे पहिल्याच महिन्यात प्राध्यापकांनी विचारलं, “15 सेकंद, पण कुणाचे?” वर्ग गप्प. होल्डिंग ट्यूबमधून, म्हणजे तापलेला द्रव ठरावीक वेळ गरम राहावा म्हणून ज्या नळीतून नेतात तिच्यातून, दाट द्रव संथ वाहत असेल तर मधोमधचा थर सरासरीच्या जवळपास दुप्पट वेगाने पळतो आणि कडेचा रेंगाळतो. म्हणजे मधल्याला निम्माच वेळ मिळतो. सरासरी धरून हिशेब केलास तर जंतू मधल्या वाटेने जिवंत निसटतात. म्हणून नळीची लांबी सगळ्यात घाईत असलेल्या कणासाठी काढायची.

आमचं घर कॅनिंगला आंबा घालणाऱ्यांचं. हापूसच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) 4.6च्या खाली असतो, त्यामुळे डब्यातल्या भाजीसारखा तो 121 अंशांवर तापवावा लागत नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण पंपाने ढकलला की तोच रस पातळ होत जातो आणि पाण्याची सूत्रं त्याला लागू पडत नाहीत, हे मी इथे कागदावर मांडून पाहिलं. त्या रात्री बाबांना फोन करून कारखान्यातल्या नळीची लांबी विचारली होती. असं काहीतरी डोक्यात घेऊन ये, मग समीकरणं परकी वाटत नाहीत. येण्याआधीचे चार महिने हीट ट्रान्सफर आणि डिफरन्शियल इक्वेशन्सची उदाहरणं रोज सोडव, नुसती वाचू नकोस.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, 120 क्रेडिटचा. वर्षाचे सहा तुकडे असतात. दोन आठवडे आजारी पडलं तर त्या तुकड्यात मागे पडायला होतं. दुसरं वर्ष थिसिस आणि इंटर्नशिपचं, आणि खरं शिक्षण तिथेच होतं. सोया प्रथिन आणि गव्हाचं ग्लूटेन तापवून दोन दंडगोलांमध्ये पिळत नेलं की मांसासारखे धागे पडतात. ते यंत्र इथल्याच प्रयोगशाळेत वाढलंय. ते उघडल्यावर हाताने धागे सुटे करून बघताना मला जो आनंद झाला तो अजून जात नाही.

पैशांचं स्पष्ट सांगते. युरोपबाहेरच्यांना फी वर्षाला 20,000 युरोंच्या वर आहे, राहणं-खाणं वेगळं. कॉलेज चालू असताना आठवड्याला 16 तासच काम करता येतं, त्यातून फी निघत नाही. ‘तिकडे गेल्यावर कमावू’ या भरवशावर कर्ज काढू नकोस. प्रवेश मिळाला की त्याच दिवशी विद्यार्थी-गृहनिर्माण संस्थेत खोलीसाठी नाव नोंदव. मी एका घरमालकाला खोली न बघता डिपॉझिट पाठवलं, आणि ते पैसे बुडाले.

वर्ग इंग्रजीत असतो, कारखाना नाही. इंटर्नशिपला दूध पावडरच्या एका प्लांटवर रात्रपाळीत ड्रायरचा सायक्लोन, म्हणजे हवेतून पावडर वेगळी करणारं भांडं, तुंबला. ऑपरेटर डचमध्ये भराभर सांगत होता आणि मी वही घेऊन नुसती उभी. दुसऱ्या दिवसापासून डचचा वर्ग लावला. तू आल्या आल्या लाव. पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना मिळतो, आणि प्रॉडक्शनमधली नोकरी हवी असेल तर त्या वर्षात भाषाच कामी येते.

आधी दोन वर्षं नोकरी करू का, हेही विचारलं होतंस. घरून कर्जाचा ताण असेल तर जरूर कर, पण क्वालिटी लॅबमध्ये नको, प्लांटवर कर. तुझ्या आतापर्यंतच्या मार्कशीट आणि प्रोजेक्टचा विषय मला पाठव, अर्जाचं पत्र लिहिण्याआधी आपण एकदा बोलू.